वानवळा

उंदरांच्या श्राद्धाला सगळे काळे कपडे घालून आले होते. वर्षभर ज्यांना कापलं त्यांच्यापुढे वर्षातून एकदा डोकं टेकवायचं, ही रीत त्या जपानी विद्यापीठात कुणी मोडत नसे. इमारतीच्या मागे कापराच्या झाडाखाली उंदरांच्या स्मरणाचा दगड उभा होता. त्याच्यापुढे शेवंतीची फुलं, उदबत्त्या आणि बशीत उंदरांच्याच खुराकाच्या गोळ्या. जन्मभर खाल्लं तेच मेल्यावरही! निदान त्या दिवशी तरी बिचाऱ्यांना काही वेगळं द्यावं, पण हे सुचणार कुणाला?

मिकुरिया सेन्सेईंच्या प्रयोगशाळेची त्यात आणखी एक रीत होती. श्राद्धाच्या दिवशी सेन्सेई एका पिंजऱ्याला अभय द्यायचे. डोळे मिटून बोट ठेवायचं, ज्या पिंजऱ्यावर पडेल त्यातल्या उंदरांना सुरी नाही. खा, प्या आणि आपल्या मरणानं मरा. विद्यार्थी त्यांना 'पेन्शनर' म्हणत, आणि बाकीच्या प्रयोगशाळा या प्रकाराला हसत.

त्या वर्षी बोट पडलं ते चिझुरूच्या पुडीवर वाढलेल्या म्हाताऱ्या उंदरांवर.

"घ्या उत्सुनोमियासान," सेन्सेई म्हणाले, "तुमचेच जावई निघाले. आता पोसा यांना."

चिझुरू उत्सुनोमिया म्हणजे प्रयोगशाळेतली सेन्सेईंच्या खालोखालची बाई. चाळिशी ओलांडलेली, एकटी, बोलायला कमी आणि कामाला वाघ. तिचं काम होतं म्हातारपणावर. शरीराच्या पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक चुली असतात. खाल्लेलं अन्न तिथं जळतं आणि त्या आचेवर माणूस चालतो, बोलतो, भांडतो. पण चूल पेटती राहायची तर फुंकर लागते, आणि ती फुंकर घालणारं कोएन्झाइम वयाबरोबर आटत जातं. मग चुली धुमसतात, धूर जास्त आणि आच कमी. चिझुरूनं एक पांढरी पूड केली होती. ती पोटात गेली की शरीरात ते कोएन्झाइम पुन्हा भरत असे. खुराकातून ती दिलेले म्हातारे उंदीर चाकावर असे पळत की बघणाऱ्याला धाप लागावी. केस चकचकीत, डोळे लकलकीत.

यात एक मेख होती, आणि ती एवढ्या शहाण्यांत कुणालाच दिसली नाही. चुली तपासायच्या तर काळीज ताजं लागतं, म्हणून ठरल्या वयाला उंदीर मारावाच लागतो. तशी सगळ्यांचीच पद्धत. म्हणजे जो उंदीर कापला तो त्याच्या ऐन बहरात. आकडे सुरेख आले, शोधनिबंध छापून आले, टाळ्या पडल्या. पण त्या उंदरांचं पुढं काय झालं असतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं. लग्नातला नवरदेव बघून संसाराचा निकाल लावावा, तसली ही तऱ्हा.

चिझुरूनं दगडापुढं हात जोडले तेव्हा तिच्या मनात मात्र उंदीर नव्हते. तिथं तिचे बाबा होते.

बाबा, म्हणजे कानेकिची, उशिओदात राहायचे. समुद्राच्या कडेला संत्र्यांचा उतार आणि त्यावर चिकटलेली घरं, एवढंच ते गाव. तरुण सगळे शहरात गेले आणि म्हातारे तेवढे राहिले. आई गेल्यावर बाबांनी जे शेगडीच्या पांघरुणात पाय घातले ते बाहेर काढायलाच तयार नाहीत. झाडावर संत्री सडली. शेजारच्या हात्सुए मावशीचं नाव त्यांना आठवेना. एकदा तर चिझुरूलाच "आपण कुठल्या?" म्हणाले. त्या दिवशी ती परतीच्या बसमध्ये ढसाढसा रडली.

आणि दुसऱ्या आठवड्यात तिनं प्रयोगशाळेतल्या पुडीची पिशवी पर्समध्ये टाकली. माणसाला द्यायची परवानगी नव्हती. तिला ते पक्कं ठाऊक होतं. पण बाप डोळ्यांदेखत विझत असताना कसले नियम आणि कसलं काय!

"बाबा, रोज सकाळी मिसोच्या सारात एक चमचा. आणि कुणापाशी बोलायचं नाही, माझी नोकरी जाईल."

"मी कशाला बोलतोय? बोलायला आधी आठवलं तर पाहिजे!"

आठवायला लागलं. हिवाळा सरता सरता त्यांनी पाय बाहेर काढले. नंतर फोन आला, "चिझु, शिडी दुरुस्त केली बघ." पुढच्या फोनवर वरच्या वाफ्यातलं सगळं तण काढल्याची बढाई. चिझुरू फोन कानाला धरून नुसती हसत होती आणि डोळे पुसत होती. पूड मात्र लवकर लवकर संपू लागली.

"सांडता का हो बाबा?"

"हात थरथरतो गं."

शिडीवर चढून कात्रीनं संत्री तोडणारा हात चमचा धरतानाच बरा थरथरतो! हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण सुख दारात आलं की शहाणं माणूसही डोळ्यांवर कातडं ओढून घेतं. तिनं पुढच्या वेळी टपालानं मोठी पिशवी पाठवली, त्याच्या पुढच्या वेळी त्याहून मोठी.

उन्हाळ्यात पेन्शनरांचा पिंजरा खायला उठला. संध्याकाळी भरलेलं खुराकाचं भांडं सकाळी रिकामं. पुन्हा भरलं तरी दुपारी रिकामं. उंदीर झोपेनासे झाले. उचलून घेतले तर तळहाताला चटका बसावा इतके गरम, आणि वजन म्हणाल तर नुसतं पीस. पण डोळे तसेच लकलकीत, आणि पळणं चालूच. चिझुरूला ते बघवेना आणि तिथून हलवेना.

मग हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी चाक थांबलेलं होतं. आतला उंदीर उभ्याउभ्या मेला होता, पुढचे दोन्ही पाय चाकाच्या तारेवर, पुढचं पाऊल टाकायच्या बेतात. तिनं त्याला उघडलं. चरबीचा कण नाही. मांड्यांचं मांस झिजून दोरे झालेले, आणि हृदयाची भिंत भिजलेल्या कागदासारखी. चुली धडाडून पेटल्या होत्या खऱ्या. सरपण संपलं तेव्हा त्यांनी घराचेच वासे ओढून जाळले.

 उरलेल्यांपैकी निम्म्यांची पूड तिनं त्याच दिवशी बंद केली. वाटलं, आता तरी वाचतील. ते आधी गेले. शरीर स्वतःची फुंकर घालायचं विसरूनच गेलं होतं. पूड थांबली आणि चुली एकदम विझल्या; अंग गार पडू लागलं की मग पूड देऊनही उपयोग होईना. त्यांतला एकही आठवडाभर टिकला नाही. पूड चालू असलेले त्यांच्यामागून, जळत जळत, एकेक करून गेले.

इकडे आड तिकडे विहीर, असं नुसतं म्हणायची तिला सवय होती. आता त्या दोहोंच्या मधे तिचा बाप उभा होता.

ती सेन्सेईंच्या खोलीत गेली. मिकुरिया सेन्सेई माणूस भला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हृदयाचे काप स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

"म्हणजे इतकी वर्षं आपण सिनेमा अर्ध्यावर सोडून उठत होतो," ते म्हणाले. "वाईट झालं. पण वेळेवर कळलं. उत्सुनोमियासान, ही पूड कुठल्या माणसाच्या पोटात तर गेलेली नाही ना?"

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द जिभेच्या टोकावर आला होता.

"नाही, सेन्सेई."

"मग एवढ्या घाबरता कशाला? पाणी घ्या. पुन्हा पहिल्यापासून प्रयोग लावू. हळूहळू कमी केली तर उंदीर वाचतात का, ते बघू. दोनेक वर्षांत कळेल. तोवर सगळा साठा कपाटात, आणि किल्ली माझ्याकडे."

दोनेक वर्षं! चिझुरूनं मान लववली. साठा कपाटात ठेवला, किल्ली आणून दिली. एक पिशवी तेवढी तिच्या पर्समध्ये राहिली होती.

पण उशिओदाला जायला तिचं पाऊल उचलेना. पूड नेली तर बाबा जळणार, नाही नेली तर विझणार. हळूहळू कमी करावी, तर किती कमी आणि किती हळू, हे सांगायला एक उंदीर उरला नव्हता. शनिवार आला, गेला. दुसराही गेला. तिनं फोनवर काम असल्याची थाप मारली. मग बाबांचाच फोन आला, आवाज कसा खणखणीत.

"पूड संपली गं. आणि उत्सवाला ये, टाळू नकोस. यंदा देवाची पालखी खांद्यावर निघणार."

"खांद्यावर? कुणाच्या, बाबा?"

"ये तर खरी!"

खांदे उरले नाहीत म्हणून गावाचा देव कितीतरी वर्षं छोट्या टेम्पोतून फिरत होता. शहरातली मुलं बोलावली असतील, असं तिला वाटलं. पिशवी पर्समध्ये घालून ती निघाली. निम्मी द्यायची, मग हळूहळू कमी, आणि बाबांच्या उशापायथ्याशी बसून राहायचं. अंधारात का होईना, एवढंच तिला सुचलं होतं.

बसमधून उतरली तेव्हा समुद्रावरून बोचरा वारा येत होता. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दारात पाटी लावली होती, तांदूळ संपला. तिला बघून तो म्हणाला, "बरं झालं आलीस. या म्हाताऱ्यांना कुणीतरी आवरा! महिन्याचा तांदूळ आठवड्यात फस्त करतायत. आणि झोपतात कधी देव जाणे, पहाटे उठून बघावं तर वाफ्यावाफ्यात कुदळी चालू."

 वरून ढोल वाजत होता. "वाश्शोई! वाश्शोई!"

पालखी पायऱ्यांवरून खाली येत होती आणि तिच्याखाली एकही तरुण नव्हता. सगळे म्हातारे. वाऱ्यात अंगरखे उघडे टाकलेले, छाताडांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात, आणि अंगावरून घाम निथळतोय. डोळे लकलकीत. पुढच्या दांडीला बाबा होते. त्यांच्या मागं गेन्झो, वरच्या घरातला, ज्याला गेल्या वर्षी दोघांनी धरून न्हाणीघरात न्यावं लागे. पालखी उडवत, नाचवत ते उतरत होते. ते दृश्य बघून कुणाचाही ऊर भरून आला असता. चिझुरूच्या डोळ्यांपुढं फक्त चाकं फिरत होती.

"चिझु! अगं बाई, किती वाळलीस!"

हात्सुए मावशी. कमरेत काटकोनात वाकून ढकलगाडीमागं चालणारी ती मावशी ताठ उभी होती. तिनं चिझुरूचा हात हातात घेतला आणि चिझुरूला चटका बसला.

"मावशी, तुम्ही... तुम्ही काय घेताय?"

"काय म्हणजे? तुझ्या बाबांचा वानवळा!" मावशी खुदकन हसली. "कानेसाननी शपथ घातलीय, चिझुला कळू द्यायचं नाही. पण तूच विचारलंस, आता काय लपवू? तू बाबांना पाठवतेस ना, ती पूड. आम्ही कुणाकडे बोललो नाही हो, अगदी दुकानदाराकडेसुद्धा नाही. तू आमच्या गावची लेक, तुझ्या नोकरीला धक्का लावू होय आम्ही?"

वानवळा! उशिओदात मासा आला तर शेपटी शेजारी जाते. पहिली संत्री उतरली की टोपलीभर समोरच्या दारात ठेवायची, आणि ती टोपलीही रिकामी परत येत नाही. आलेलं एकट्यानं खाल्लं तर घास घशाखाली उतरत नाही या लोकांच्या. हे तिला ठाऊक नव्हतं? ती तिथंच तर वाढली होती. शहरात राहून सगळ्या जगाचं गणित मांडलं आणि आपल्याच आळीचं विसरली.

रिवाजाप्रमाणं पालखी बाबांच्या अंगणात टेकली. बायकांनी भाताचे गोळे आणले आणि परात खाली ठेवायच्या आत रिकामी झाली. दुसरी आणली, तीही गेली. गेन्झो मात्र खायला आला नव्हता. पालखीच्या दांडीवर दोन्ही हात टाकून तो उभा होता.

"गेन्झोला उभ्याउभ्या झोप लागली बघा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. "दोन दिवस पूड नाही मिळाली, तर एवढ्यात ढेपाळला गडी!"

चिझुरू त्याच्याजवळ गेली. डोळे उघडे होते, एक पाऊल पुढं टाकलेलं. तिनं मानेवर बोटं ठेवली. अंग अजून कढत होतं आणि आत काही चालत नव्हतं.

तिनं बाबांचा दंड धरला आणि त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं.

सगळं सांगितलं. चुली, चाक, उभा मेलेला उंदीर, पूड थांबवल्यावर आधी गेलेले ते निम्मे, सगळं. रडत सांगितलं, हुंदके देत सांगितलं. "मी तुम्हाला मारलं बाबा. माझ्या हातानं."

कानेकिची ओट्याला टेकून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी बाहेर गेन्झोकडे एकदा पाहिलं.

"माझं राहू दे," ते म्हणाले. "तू आपल्या बापाला दिलंस. लेकीनं दिलं, बापानं खाल्लं. तुझ्या पुडीवर शिडी चढलो, वरच्या वाफ्यातून पुन्हा समुद्र पाहिला, तुझं नाव आठवलं. मला त्याचं काही नाही. पण पोरी, यांना कुणी दिलं? मी दिलं. हात्सुएसान नको नको म्हणत होती. मी तिच्या वाडग्यात घातलं."

 ताठ झालेला तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा म्हातारा दिसू लागला.

"बाबा..."

"ती पिशवी आणलीस का?"

तिनं पर्समधून काढली. त्यांनी हातात तोलून पाहिली. संत्री तोलत आले होते जन्मभर.

"पुरणार नाही. आजचा दिवस निघेल फार तर. तोवर तुझ्या सेन्सेईंची माणसं येतील इथं? डॉक्टर येतील? काही मार्ग काढतील?"

"ठाऊक नाही बाबा. कुणालाच ठाऊक नाही."

"मग फोन कर. आत्ता, माझ्यासमोर. नोकरी जाऊ दे तुझी. तुरुंगात गेलीस तर डबा घेऊन येईन." एवढ्यातही त्यांना थट्टा सुचली. "यांना मी सांगतो. मी वाटलं, मीच सांगणार. पण आधी पोटात जाऊ दे. उपाशीपोटी वाईट बातमी सांगू नये."

अंगणातून मावशीची हाक आली, "कानेसान, आली का हो पूड?"

"आली, आली! वाडगे घेऊन बसा!"

ते बाहेर गेले. चिझुरूनं फोन लावला. खिडकीतून अंगण दिसत होतं. गेन्झोच्या खांद्यावर कुणीतरी मायेनं अंगरखा टाकला होता.

"सेन्सेई, तुम्ही मला विचारलं होतं, माणसाच्या पोटात गेलीय का. मी खोटं बोलले."

 मग सेन्सेईंचा आवाज आला, अगदी हळू. "कोण?"

"माझे बाबा. आणि आमची सगळी आळी."

"देवा! किती जण?"

बाबा अंगणात प्रत्येकापाशी वाकत होते, मिसोच्या साराच्या वाडग्यात चमचा चमचा घालत होते. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मावशीपाशी ते जरा जास्त थांबले. चिझुरू वाडगे मोजत गेली. अंगणात वीस, आणि एक बाबांचा.

"एकवीस, सेन्सेई."

"बंद करू नका, ऐकताय? एकदम बंद करू नका. एकाचीही नाही. मी आत्ता निघतो, कपाटातला साठा घेऊन येतो. उद्या दुपारपर्यंत पोचतो. तोवर प्रत्येकाला मिळालीच पाहिजे."

शेवटच्या म्हाताऱ्याच्या वाडग्यावर बाबांनी पिशवी उलटी केली, तळाला दोन टिचक्या मारल्या आणि घडी करून कमरेला खोचली. मग ते स्वयंपाकघरात आले. त्यांनी फळीवरचा आपला वाडगा घेतला, नळाखाली नीट धुतला आणि पालथा घातला.

"बाबा, तुमची?"

"मला काल रात्रीपासूनच थंडी वाजतेय," ते म्हणाले. "माझ्यावर कशाला वाया घालवायची." आणि बातमी सांगायला ते अंगणाकडे वळले.

फोनमधून सेन्सेई विचारत होते, "उत्सुनोमियासान, ऐकताय ना? एकवीस म्हणालात ना?"

"नाही," चिझुरू म्हणाली. "वीस."